एका घडीचा इतिहास

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात व उन्हाळा तोंडावर आला म्हणजे परततात. बालाघाटच्या डोंगराळ, पर्जन्यछायेतील भूमीत एका खरिपावर वर्ष निघत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर तर हे स्थलांतर असंख्य घरांची रीतच होऊन बसले. नवरा आणि बायको मिळून हिशेबाचा जो एक घटक होतो त्याला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम कोयत्याला उचल देतो आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहून गाडीत भरते. दोघांपैकी एक जण बसला तर कोयताच बसतो. त्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचा दंड उचलीच्या रकमेत चढतो.

२०१९ च्या एप्रिल महिन्यात या स्त्रियांविषयीच्या एका वृत्ताने देश हादरला. बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड भगिनींनी ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकले होते. ‘पिशवी काढली’ हे शब्द तेथे पडसे झाल्याचे सांगावे इतक्या सहजतेने उच्चारले जात होते. राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारणपणे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्ही पाहण्यांची तुलना काटेकोर म्हणता येणार नाही. तरीही अंतर डोळ्यांत भरण्याजोगे आहे.

माझ्यासारख्या धर्मगुरूने या विषयावर लेखणी उचलावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. या प्रश्नाचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. आरंभी एका साध्या वस्तूचा इतिहास पाहू. ती वस्तू म्हणजे मासिक पाळीत वापरून टाकून द्यावयाची घडी, जिला आज सर्वजण सॅनिटरी पॅड म्हणतात.

जगातील बहुसंख्य स्त्रियांनी शतकानुशतके जुन्या कापडाची घडी वापरली. कापडात मूळचा दोष काही नाही. ते स्वच्छ पाण्याने धुता आले आणि उन्हात वाळवता आले तर उत्तम काम देते. परंतु उन्हात वाळवायचे म्हणजे चारचौघांच्या दृष्टीस पडायचे. लज्जेपोटी कापड अंधारात, दुसऱ्या वस्त्राखाली वाळू घातले जाते. ते ओलसर राहते आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकतची घडी बाजारात आली. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने १८९६ साली ‘लिस्टर्स टॉवेल्स’ या नावाने ती विक्रीस ठेवली. पण जिचे नाव काढणेच असभ्य, त्या वस्तूची जाहिरात कशी करावी? तो प्रयत्न फसला.

पहिल्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. किंबर्ली-क्लार्क या कागद बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून ‘सेल्युकॉटन’ नावाचे द्रव्य तयार केले होते. ते कापसापेक्षा कितीतरी अधिक शोषून घेई आणि स्वस्तही पडे. त्यामुळे जखमा बांधण्यासाठी ते फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत पोहोचले. तेथील परिचारिकांनी सैनिकांसाठी आलेल्या त्या पट्ट्यांचा आपल्या पाळीसाठी उपयोग करून पाहिला. आजच्या पॅडची खरी रचना करणाऱ्या त्या अनाम परिचारिकाच होत. युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाचे काय करावे या विवंचनेत असलेल्या कंपनीने ती युक्ती उचलली आणि १९२० च्या सुमारास ‘कोटेक्स’ बाजारात आणले. बारा घड्यांची पेटी साठ सेंटला मिळे. तरीही दुकानदारापुढे उभे राहून ते नाव उच्चारण्यास स्त्रिया धजेनात. शेवटी दुकानाच्या फळीवर पेट्यांशेजारी एक डबी ठेवण्यात आली. डबीत नाणी टाकायची, पेटी उचलायची, कोणाशी बोलायचे नाही. आपल्याकडे आजही औषधाच्या दुकानात ही वस्तू वर्तमानपत्रात किंवा काळ्या पिशवीत गुंडाळून दिली जाते. त्या डबीला शंभर वर्षे होऊन गेली, पण तिची गरज अजून संपलेली नाही.

भारतात विदेशी कंपन्यांची पॅड शहरी मध्यमवर्गात रुळली, गरिबांपर्यंत मात्र पोहोचली नाहीत. ही कोंडी फोडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगानंतम या अल्पशिक्षित कारागिराने केला. १९९८ साली नुकताच विवाह झालेल्या या गृहस्थाने पत्नीला चिंध्या लपवताना पाहिले. पॅड विकत घेतले तर घरातील दुधाच्या पैशांना कात्री लागेल, असे तिने सांगितले. त्याने कापसाच्या घड्या करून पाहिल्या. त्या निकामी ठरल्या. पत्नी सोडून गेली, गावाने वेड्यात काढले. कंपन्यांच्या पॅडमध्ये कापूस नसून लाकडाचा लगदा असतो, हे कळण्यास त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो उकळून काढल्याशिवाय कापूस पाणी धरत नाही. कापूस पिकवणाऱ्या बीडच्या शेतातून थेट घडी का तयार होत नाही, याचे एक कारण हेच आहे.

मुरुगानंतम यांनी परदेशी यंत्राचे काम चार सोप्या टप्प्यांत विभागले: लगदा पिंजणे, दाबून घडी पाडणे, ती आवरणात बंद करणे आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करणे. परदेशी यंत्रसामग्रीला काही कोटी रुपये लागत; त्यांचे यंत्र लाखाच्या आत बसले आणि बचत गटातील स्त्रियांना चालवता येऊ लागले. २००६ साली मद्रासच्या आयआयटीने या शोधाचा गौरव केला आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे शासनही या मार्गास लागले. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याची ती योजना होती. ती सुरू करणाऱ्या तत्कालीन ग्रामविकास मंत्री पंकजा मुंडे बीड जिल्ह्यातीलच. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरील बारा टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. केंद्र शासनाने जनऔषधी केंद्रांतून ‘सुविधा’ पॅड अडीच रुपयांना विकण्यास प्रारंभ केला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची किंमत एक रुपया केली. मुरुगानंतम यांच्या पत्नीचे गाऱ्हाणे, निदान किमतीपुरते तरी, दूर झाले होते.

तथापि तारखा लक्षपूर्वक पाहाव्यात. बीडची ती भयंकर आकडेवारी जाहीर झाली आणि एक रुपयाचे पॅड दुकानात आले, ते वर्ष एकच होते. मग स्वस्त म्हणजे नेमके काय?

उसाच्या फडावर जाऊन हिशेब मांडू. पाळीच्या पाच दिवसांत वीस ते पंचवीस पॅड लागतात; एक रुपया दराने महिन्याला पंचवीस रुपये. परंतु जनऔषधी केंद्र शहरात, आणि कोपी कारखान्याच्या माळावर. टोळी पहाटे अंधारात फडात शिरते आणि बारा-बारा तास राबते. तेथे शौचालय नाही, आडोसा नाही, हात धुण्यास पाणी नाही. पॅड चार-सहा तासांनी बदलायला हवे. ती कोठे बदलणार? बदललेले कोठे टाकणार? पॅडचे वरचे व खालचे थर प्लॅस्टिकचे असतात. ते पुरले तर कुजत नाहीत, उघड्यावर टाकले तर कुत्री उकरतात. आणि वेदना असह्य होऊन तिने दिवसभर कोपीत विसावा घेतला, तर खाडा. हा दंड पाचशे रुपयांपर्यंत असल्याचे २०१९ च्या वृत्तांतांतून पुढे आले. एका खाड्याच्या रकमेत तिला वीस महिने पुरतील एवढी पॅड घेता आली असती.

म्हणून तिने पाळीच बंद करण्याचा मार्ग पत्करला. अंगावर पांढरे जाणे, पोटदुखी, अतिस्राव अशा तक्रारी घेऊन ती डॉक्टरकडे जाई. अनेकींना कर्करोगाची भीती घालण्यात आली. दोन-तीन मुले झाली आहेत, आता पिशवीचा उपयोग काय, असा सल्ला मिळाला. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेतली गेली. त्याबरोबर बीजकोशही काढले गेले असतील तर ऐन तिशीत वार्धक्याची लक्षणे दिसू लागतात. हाडे ठिसूळ होतात. ज्या श्रमासाठी तिने अवयव दिला, तो श्रमच तिला पेलवेनासा होतो, आणि कर्ज तसेच राहते. २०१९ नंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती आवश्यक ठरली. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. हे निर्बंध स्वागतार्ह आहेत. मात्र शस्त्रक्रियेच्या दारावर पहारा बसला, तरी तिला त्या दाराकडे ढकलणारा खाडा फडातच आहे.

येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात डोकावणे अप्रस्तुत ठरणार नाही, कारण लज्जेचा धागा धर्मापर्यंत जातो. लेवीय ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात पाळीतील स्त्री सात दिवस अशुद्ध मानली आहे. सातव्या शतकात कँटरबरीचे महागुरू थिओडोर यांच्या नावे चालत आलेल्या प्रायश्चित्त-नियमांत अशा स्त्रीला मंदिरप्रवेश व ख्रिस्तशरीर निषिद्ध होते. परंतु त्याआधीच, इ.स. ६०१ च्या सुमारास, पोप संत ग्रेगरी थोर यांनी कँटरबरीच्या ऑगस्टीनला पाठवलेल्या उत्तरात याउलट निर्णय दिला होता. निसर्गाने जे घडते तो स्त्रीचा अपराध नव्हे. तिला मंदिरात येण्यास किंवा ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास मनाई करू नये, असा त्याचा आशय. महाराष्ट्रात तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनीही रजस्वलेचा विटाळ मानू नये अशी शिकवण दिली. दोन्हीकडे शहाणपणाचा शब्द वेळेवर उच्चारला गेला होता. समाज मात्र विटाळच धरून बसला. आपल्या कुटुंबांत तरी तो पूर्ण सुटला आहे काय, हे ज्याने त्याने घरात विचारावे.

संत ग्रेगरींनी आपल्या निर्णयासाठी शुभवर्तमानातील रक्तस्रावी स्त्रीचाच आधार घेतला होता. संत मार्क तिच्याविषयी एक तपशील नोंदवतो, ज्याकडे आपण प्रवचनात क्वचित लक्ष देतो. बारा वर्षे तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले होते, जवळचे सर्व खर्चून टाकले होते, आणि गुण न येता दुखणे वाढलेच होते. बीडच्या त्या हजारो भगिनींचा वृत्तांत यापेक्षा वेगळा नाही.

पुढे काय करता येईल? वस्तूच्या रचनेत सुधारणेला वाव आहे. दुष्काळातही तग धरणारा घायपात मराठवाड्यात बांधाबांधावर दिसतो. त्याच्या तंतूपासून छोट्या प्रमाणावर शोषक लगदा करण्याची पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केली. ज्या उसाच्या मोळ्या ती वाहते, त्याच्या चिपाडापासूनही कागदाचा लगदा निघतोच. टाकलेल्या पॅडचा प्रश्नही याच रचनेचा भाग आहे. २०१३ साली पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेली पॅड उत्पादक कंपन्यांकडेच परत पाठवून हे ठणकावून सांगितले. तो कचरा हातांनी वेगळा करणाऱ्याही स्त्रियाच होत्या.

परंतु फडासाठी घडी रचायची तर तिच्याबरोबर पाण्याची टाकी, आडोशाच्या चार भिंती आणि दंडाविना विश्रांतीचा एक दिवस यांचीही रचना करावी लागेल. श्रमिकाचे कामाचे तास आणि विश्रांती त्याच्या शरीरशक्तीकडे पाहून ठरवावी, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये सांगितले. आपले कितीतरी धर्मग्राम ऐन ऊसपट्ट्यात आहेत. रविवारच्या मिस्साला जाताना त्या कोप्या आपल्या वाटेतच लागतात. मंदिराच्या आवारातील नळ आणि स्वच्छतागृह हंगामापुरते त्या भगिनींसाठी खुले करणे, धर्मभगिनींच्या दवाखान्यातून आठवड्याला एक फेरी माळावर नेणे, हे कोणत्याही शासकीय आदेशाविना होऊ शकते. आपले सभासद कारखान्यांच्या संचालक मंडळांपर्यंत ओळखी राखून आहेत. खाड्याचा प्रश्न तेथे मांडणे हेही आपलेच काम आहे.

प्रभू येशू त्या दिवशी याईर नावाच्या अधिकाऱ्याच्या घरी निघाला होता. मुलगी मरणोन्मुख होती, गर्दी रेटत होती, वेळ नव्हता. तरीही तो वाटेत थांबला, तिला गर्दीतून पुढे येऊ दिले, तिचे सारे ऐकून घेतले आणि तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली. त्या थांबण्याबद्दल त्याने तिच्याकडून काही वसूल केले नाही.