शिकारी आणि हमाल

‘शिकार’ हा शब्द फारसीतून आला, ‘हमाल’ अरबीतून. दोन्ही शब्द मराठीत इतके मुरले आहेत की त्यांचे मूळ आता कुणी विचारत नाही. इतिहासात मात्र हे शब्द बहुधा दोन वेगळ्या माणसांसाठी वापरले गेले. शिकार एकाची, ओझे दुसऱ्याचे. पाठीवरची सॅक आणि स्लीपिंग बॅग यांचा इतिहास वाचताना मला हे सारखे जाणवले.

अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या शिकारीसाठी आणि छोट्या प्रवासासाठी लागणाऱ्या सरंजामाची नोंद आहे. १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि ओझी वाहणारी १०० माणसे. शिवाय फर्राश, भिस्ती, सुतार वेगळेच. पुढे इंग्रज साहेबांच्या शिकारीतही तंबू, खाट आणि बिछाना कुलींनीच जंगलात नेला. ज्याला ओझे वाहायचे नाही, त्याला ते सुखाने कसे वाहावे हा प्रश्न पडत नाही. हमालाला तो रोज पडतो, पण त्याने काढलेले उत्तर दफ्तरात जात नाही.

जिथे शिकारी स्वतःच हमाल होता, तिथे सॅक सुधारली. नॉर्वेच्या ओले बर्गनची गोष्ट सांगतात ती अशी : शिकारीला गेला असताना पिशवी पाठीला रुतू लागली, तेव्हा त्याने जुनिपरची एक फांदी पाठीच्या आकाराला वाकवून पिशवीला जोडली. पुढे लाकडाच्या जागी धातूची चौकट आली आणि १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. अमेरिकेत लॉइड नेल्सनला १९२४ मध्ये अशाच चौकटीचे पेटंट मिळाले. ‘ट्रॅपर नेल्सन’ नावाने ती शिकारी आणि वनरक्षकांमध्ये गाजली. तिची कल्पना त्याला अलास्कात मिळाली होती. तिथले मूळ रहिवासी विलोच्या काठ्यांवर सीलचे कातडे ताणून पाठीची चौकट करत. पेटंटवर नाव नेल्सनचे आले. ज्यांच्या पाठीवर ती चौकट घडली, त्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत.

१९५२ पासून कॅलिफोर्नियात डिक केल्टीने ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या हलक्या सॅक विकायला सुरुवात केली आणि कमरपट्ट्याने भार खांद्यांवरून कमरेवर आणला. आजही शिकारीची सॅक निवडताना हेच पाहावे लागते. माप आपल्या उंचीचे नाही, पाठीच्या लांबीचे घ्यायचे. दुकानात रिकामी सॅक अडकवून काही कळत नाही. १५-२० किलो वजन भरून चालून पाहायचे. जाताना पाठीवर मुक्कामाचे सामान असते, येताना त्यात मांसाची भर पडते. म्हणून चांगल्या सॅकमध्ये पिशवी चौकटीपासून सैल करून मधे मांस बांधता येते. अलास्कात खाण्याजोगे मांस जंगलात टाकून येणे गुन्हा आहे. त्यामुळे किती वाहता येईल याचा हिशेब बंदूक उचलण्याआधीच करावा लागतो.

स्लीपिंग बॅगचीही तीच कथा. १८८८ मध्ये नान्सेन ग्रीनलंड ओलांडायला निघाला तेव्हा त्याच्याकडे रेनडिअरच्या कातड्याच्या दोन पिशव्या होत्या, एकेकीत तीन माणसे झोपत. त्या कातड्याचे केस हवा धरून ठेवतात, हे उत्तरेकडच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. ऊब कातड्याची नसते, अडकलेल्या हवेची असते. आपल्याकडे हे पिंजारी जाणतो. बसलेला कापूस तो पिंजतो म्हणजे त्यात पुन्हा हवा भरतो, आणि तीच जुनी रजई पुन्हा गरम होते. सिएटलच्या एडी बाऊअरला १९४० मध्ये पिसांच्या शिवलेल्या जाकिटाचे पेटंट मिळाले, तेही याच तत्त्वावर. नदाफ-मन्सुरींच्या कित्येक पिढ्या यावर जगल्या. त्यांच्या हुन्नराला आपण फक्त जात म्हणून ओळखले.

निवडीचे नियमही या हवेतूनच निघतात. पिसे हलकी आणि उबदार, पण भिजली की चिकटतात आणि हवा जाते. म्हणून कोरड्या थंडीला पिसे आणि अलास्काच्या पावसाळी किनाऱ्याला कृत्रिम तंतू. अंगाखाली दबलेल्या भरणाची ऊब राहत नाही, म्हणून खाली चटई हवीच. लेबलवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे दोन आकडे असले, तर झोप लागावी म्हणून पहिला पाहावा. घरी बॅग दाबून ठेवू नये, सैल ठेवावी.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आली आणि ते योग्यच झाले. सॅक आणि स्लीपिंग बॅग मात्र आपल्या ट्रेकरांच्या पाठीवर आल्या. सह्याद्रीत आपण त्या स्वतः वाहतो. हिमालयात गेलो की बऱ्याचदा तीच महागडी सॅक पोर्टरच्या हवाली करतो, आणि तो ती इतर बोजांसोबत दोरीने बांधून कपाळपट्टीवर घेतो. मग दुकानात आपण माप कुणाच्या पाठीचे घेतले?