भरतीवरची चक्की

आयर्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्ट्रँगफर्डच्या खाडीत नेंड्रम नावाच्या एका प्राचीन ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. त्यांच्यालगतच्या चिखलात बंधाऱ्याचे आणि पाणचक्कीचे बांधकाम उत्खननात सापडले, आणि त्यातील ओकाच्या लाकडांमधली वर्षवलये मोजल्यावर ते इ. स. ६१९ च्या सुमाराचे ठरले. म्हणजे बदामीच्या सिंहासनावर दुसरा पुलकेशी विराजमान असताना त्या दूरच्या किनाऱ्यावरचे विरक्त साधू समुद्राच्या भरतीकडून आपले धान्य दळून घेत होते. भरतीपासून शक्ती मिळवण्याची कल्पना अर्वाचीन यंत्रयुगात जन्मली, हा समज या एका पुराव्याने निकालात निघतो.

चक्कीची रचना साधी, परंतु मोठ्या विचाराने केलेली असे. खाडीचा एखादा लहान फाटा बांध घालून अडवावयाचा आणि बांधात बिजागऱ्यांची लाकडी झडप बसवावयाची. भरतीचे पाणी ती झडप लोटून आत शिरे, ओहोटी लागताच आतल्या पाण्याच्याच भाराने ती मिटे, आणि बाहेरची पातळी पुरेशी उतरली की कोंडलेले पाणी चक्रावर सोडले जाई. गोव्याच्या खाजणांतील मानशीचे तत्त्व हेच, फक्त तिची दिशा उलट: भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी तिची दारे खाऱ्या पाण्याला शेतात मज्जाव करतात आणि शेतातले पाणी बाहेर जाऊ देतात. गोव्याच्या गावकऱ्यांनी या ज्ञानाने जमीन राखली, ब्रिटनीच्या आणि इंग्लंडच्या किनाऱ्यांवरील लोकांनी त्यावर दळण दळले. या भेदाचे कारण बुद्धीत नाही, समुद्रात आहे, असे मला वाटते. दक्षिण कोकण आणि गोवा येथे भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील अंतर दोन मीटरांच्या आसपास असते, तर फ्रान्समधील रांस नदीच्या मुखाशी ते सरासरी आठ मीटर असून मोठ्या उधाणाला तेरा मीटरांच्याही वर जाते. कोंडलेल्या पाण्याची शक्ती या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, जेथे अंतर चौपट तेथे तेवढ्याच विस्ताराच्या पाण्यातून सोळापट शक्ती हाती येते.

चक्कीवाल्याचे आयुष्य मात्र चंद्राशी बांधलेले असे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे मागाहून येते. त्यामुळे आज सायंकाळी चालणारे जाते आठवड्याभराने ऐन मध्यरात्री चालवावे लागे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जे काम उदंड होई ते अष्टमीच्या भांगात अगदीच मंदावे. तरीही या धंद्याला बरकत होती, कारण रात्री दळलेले पीठ सकाळी विकता येत असे. विजेला ही सवड नाही. ती निर्माण होते त्याच क्षणी खपावी लागते, आणि शहराची मागणी घड्याळाप्रमाणे चालते, तिथीप्रमाणे नव्हे. भरतीच्या विजेचा पुढील सारा इतिहास या एका विसंगतीभोवती फिरत राहिला आहे.

फ्रान्सने १९२५ साली ब्रिटनीतच आबेर व्राक येथे भरतीच्या विजेचे काम आरंभले; परंतु पैशाची तरतूद होईना, आणि १९३० मध्ये ते सोडून द्यावे लागले. अमेरिकेत पासामाक्वॉडीच्या उपसागरावरील काम अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आश्रयाने १९३५ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचा निधी थांबला. अशा पार्श्वभूमीवर रांसची कथा अधिकच उठून दिसते. तेथील खाडीतही भरतीवरच्या चक्क्या शतकानुशतके चालत आल्या होत्या. रॉबेर जिब्रा यांच्यासारख्या अभियंत्यांनी पाणी केव्हा कोंडावे, केव्हा सोडावे आणि केव्हा नुसते थांबावे याचे गणित बसवले. १९६१ मध्ये काम सुरू झाले. आणि सँ-मालो व दिनार या गावांच्या मधोमध ७५० मीटर लांबीचा बांध उभा राहून २६ नोव्हेंबर १९६६ रोजी जनरल द गॉल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या उदरात प्रत्येकी १० मेगावॉटची २४ जनित्रे आहेत, आणि ती पोलादी कोशांत बंदिस्त होऊन प्रवाहातच बुडालेली असतात. चंद्र आणि घड्याळ यांचा तंटा मिटवण्याची युक्ती या यंत्रांतच आहे: ती येत्या आणि जात्या अशा दोन्ही पाण्यांवर फिरू शकतात, आणि भरतीच्या माथ्यावर, जेव्हा आतबाहेरची पातळी जवळजवळ सारखी असते तेव्हा, उलटी चालवून आत आणखी पाणी चढवता येते. थोड्या उंचीवर चढवलेले ते पाणी ओहोटीनंतर मोठ्या उंचीवरून खाली येत असल्याने खर्ची पडलेल्या विजेहून अधिक वीज परत मिळते. या योजनेइतकी बुद्धीला प्रसन्न करणारी योजना मला स्थापत्याच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी आढळली आहे.

परंतु चक्कीवाला खाडीचा एक फाटा अडवीत असे, अभियंत्यांनी सबंध खाडीच अडवली. बांधकामासाठी सुमारे तीन वर्षे २२ चौरस किलोमीटरांचे ते पाणी समुद्रापासून तोडले गेले, आणि भरतीवर जगणारे तेथील जलचर बहुतांशी नामशेष झाले. यंत्रे चालू झाल्यावर जीवसृष्टी परतली, पण तिला दहाएक वर्षे लागली आणि ती पूर्वीची राहिली नाही. प्रवाह मंदावल्याने वरच्या अंगाला गाळ साचू लागला, आणि तो उपसण्याचा प्रश्न त्या परगण्याला अद्याप सुटलेला नाही.

याहून कितीतरी मोठा बांध मों-सँ-मिशेलच्या उपसागरात घालण्याचा बेत फ्रान्सने कागदावरच ठेवला आणि अणुशक्तीची कास धरली. इंग्लंडच्या सेव्हर्न खाडीवरील योजनेला १९२० च्या दशकापासून समित्यांवर समित्या लाभल्या, आणि २०१० मध्ये सरकारने ती पुन्हा बाजूस सारली. रांसहून मोठे केंद्र निर्माण होण्यास २०११ साल उजाडावे लागले. ते दक्षिण कोरियातील सिहवा सरोवराचे, २५४ मेगावॉटचे. आणि तेथे घडले ते नेमके उलट, कारण आधीच बांध घातल्यामुळे नासलेल्या पाण्यात या केंद्राने भरतीला पुन्हा वाट करून दिली. लाटांच्या शक्तीची कथा याहूनही दुःखाची आहे. पॅरिसमध्ये १७९९ सालीच जिरार नावाच्या पितापुत्रांनी तिच्यासाठी पेटंट मिळवले होते, आपल्याकडे विझिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॅटचे प्रायोगिक केंद्र उभे राहिले. पण रोजच्या मंद लाटेला साद देईल इतके हलके आणि वादळात टिकेल इतके बळकट असे यंत्र परवडणाऱ्या खर्चात घडवणे अजून कोणाला साधलेले नाही. स्ट्रँगफर्डच्याच खाडीत २००८ मध्ये बांधावाचून, नुसत्या प्रवाहावर फिरणारे १.२ मेगावॉटचे यंत्र बसवले गेले आणि ते काही वर्षे चांगले चालले. साधूंच्या चक्कीचा वारसा मला रांसच्या बांधापेक्षा त्या यंत्रात अधिक दिसतो.

आपल्या देशात या विद्येला योग्य अशी जागा मुख्यतः खंबायतच्या आखाताची. तेथे भावनगरजवळ उधाणाला पाणी दहा मीटरांहून अधिक चढते; १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमातर्फे आलेल्या तज्ज्ञाने तिची पाहणी केली, आणि पुढे ७,००० मेगावॉटचा अंदाज सरकारी दफ्तरांत रूढ झाला. त्या आखातात नर्मदा, तापी, मही आणि साबरमती आपापला गाळ आणून टाकतात. भावनगर बंदरात ओहोटीला जहाजे तरती राहावीत म्हणून पाणी कोंडणारे दार आहे, अलंगच्या किनाऱ्यावर मोडीची जहाजे उधाण साधून वर चढवली जातात, आणि मच्छीमारांच्या होड्या तेथेही पाण्याच्या वेळेवरच सुटतात. रांसला २२ चौरस किलोमीटरांत जो गाळाचा प्रश्न पडला, तो येथे शेकडो चौरस किलोमीटरांत पडेल. आणि बांध कोठे घालावयाचा हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला त्या बंदराची, त्या जहाजांची आणि त्या होड्यांची भरती बांधाच्या कोणत्या बाजूला राहणार, हे विजेच्या आकड्याआधी सांगावे लागेल.