शाळा बुडते तेव्हा : वही भरण्याआधी धागा जोडा

पावसाळ्यात ताप, कांजिण्या वा डेंग्यूमुळे मुलाची शाळा आठ-दहा दिवस बुडणे ही घरोघरची नेहमीची गोष्ट आहे. मूल बरे होऊ लागले की बहुतेक पालक वर्गमित्राच्या वह्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर मागवतात आणि अशक्तपणातून पुरते न सावरलेल्या मुलाला ती सारी पाने उतरवून काढायला बसवतात. वही पूर्ण होते. पण धडा समजलेला असतोच असे नाही. वही भरणे आणि अभ्यास भरून काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा फरक ध्यानात न आल्यामुळे दहा दिवसांची गैरहजेरी कधीकधी वर्षभर छळत राहते.

आधी विश्रांती

ताप असेपर्यंत अभ्यासाचा विषय काढू नये. संसर्गजन्य आजारांत इतर मुलांच्या रक्षणासाठीही घरी राहणे आवश्यक असते. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस आणि गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरही थकवा बराच काळ टिकतो. या काळात गोष्ट वाचून दाखवणे, पाढे तोंडी म्हणणे, चित्रांवर गप्पा मारणे एवढे पुरे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर प्रारंभी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका ठेवाव्यात.

शिक्षकांना काय विचारावे?

गैरहजेरीची सूचना पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना द्यावी. मूल सावरू लागले की त्यांना तीन प्रश्न विचारावेत : कोणते धडे झाले? पुढचा धडा त्यांपैकी कशावर उभा आहे? कोणते लेखन माफ करता येईल? ही विचारणा करताना संकोच बाळगू नये. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखणे व गरजेनुसार पूरक मार्गदर्शन करणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे.

वरच्या वर्गांत उपस्थितीचाही विचार करावा लागतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. गंभीर आजारात कागदपत्रांच्या आधारे सवलत मागता येते. म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच वेळी घेऊन शाळेत द्यावे. इतर मंडळांच्या शाळांतील पालकांनी आपल्या मंडळाचा नियम मुख्याध्यापकांकडून जाणून घ्यावा.

आधी काय भरून काढावे?

सर्व विषय सारखे नसतात. इतिहास वा भूगोलाचा धडा बहुधा स्वतंत्र असतो. तो एकदा वाचून त्यावर बोलले तरी चालते. गणित मात्र जिन्यासारखे आहे. सममूल्य अपूर्णांक शिकवले त्या दिवशी मूल घरी असेल, तर पुढच्या आठवड्यात १/२ आणि १/३ यांची बेरीज त्याला कोडेच वाटेल आणि ते २/५ असे उत्तर लिहील. अशा वेळी बेरजेचा सराव वाढवून उपयोग नाही; मागची सुटलेली पायरी शोधून तीच शिकवावी लागते. एका चपातीचे आधी दोन, मग सहा समान तुकडे करून दाखवले, तर १/२ म्हणजेच ३/६ हे मुलाला प्रत्यक्ष दिसते.

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलांना पाचवीत आणखी एक अडचण येते. तेथे माध्यम इंग्रजी होते आणि गैरहजेरीत विषयासोबत त्याची परिभाषाही निसटते. संकल्पना आधी मराठीतून समजावावी, मग पाठ्यपुस्तकातील इंग्रजी संज्ञांची छोटी यादी करून ती वाचायला लावावी. पालकांना इंग्रजी फारसे येत नसले, तरी पहिले काम ते उत्तम करू शकतात. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड असेल, तर ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावरील साहित्य मोबाईलवर विनामूल्य पाहता येते.

रोजचा क्रम

आजचा गृहपाठ आधी, मागचा अभ्यास नंतर, हा क्रम पाळावा. अन्यथा जुने भरताना नवे बुडते. मागच्या अभ्यासाला रोज अर्धा तास पुरे. दहा दिवसांची उणीव दोन-तीन आठवड्यांत विभागावी. धडा समजला का, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे वही मिटून मुलाला तो आपल्याला शिकवायला सांगणे. जेथे ते अडखळते, तेथेच काम बाकी आहे. चतुर्थी, जत्रा वा लग्नासाठी गावी जायचे असेल, तर पुढचे धडे आधीच विचारून घ्यावेत.

आजार लांबला तर

थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे आजार दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत मोडतात. कायद्याने ठरवलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असल्याचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी गृहाधारित शिक्षणाचा पर्यायही शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे.

दीर्घ आजारात अभ्यासाइतकाच वर्गाशी संबंध मोलाचा ठरतो. आठवड्यातून एकदा मित्राचा फोन आला, शाळेतल्या गमतीजमती कळल्या, तर परतण्याची भीती कमी होते. शाळेत परतल्यावर मूल रोज सकाळी पोटदुखीची तक्रार करू लागले, तर ते ढोंग समजून रागावू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि एखाद्या तासाला आपल्याला काही येणार नाही ही धास्ती त्यामागे आहे का, हे शांतपणे विचारावे. त्या तासाचा विषय कळला, की पुढच्या अर्ध्या तासात काय शिकवायचे हेही कळते.