अहमदाबाद प्रयोग

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात 1953 साली झालेला कामाच्या फेररचनेचा प्रयोग. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे अ‍ॅल्बर्ट केनेथ राइस (1908–69) हे त्याचे सूत्रधार. कामगाराची उमेद वाढवायची असेल, तर त्याच्या वाट्याला येणारे काम आधी नीट जुळवले पाहिजे, हा विचार भारतीय कारखान्यात प्रत्यक्ष तपासणारा हा आरंभीचा व सर्वांत महत्त्वाचा प्रयोग होय.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक टेलर यांच्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’ने कामाचे बारीक तुकडे पाडून, तुकड्यागणिक दर ठरवून उत्पादन वाढवण्याची रीत रूढ केली. पैशाचे आमिष हीच तिच्यातील मुख्य प्रेरणा होती. एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांनी इंग्लंडमधील कोळसा खाणींचा अभ्यास करून 1951 मध्ये वेगळे निदान मांडले : यंत्र बदलताना कामगारांचे जुने गट मोडले, तर नवे यंत्रही पुरते चालत नाही. तांत्रिक व्यवस्था आणि माणसांची व्यवस्था एकत्रच आखावी, या त्यांच्या सूत्रावर राइस यांचे काम उभे आहे.

कॅलिको मिल साराभाई कुटुंबाची होती. गिरणी कामगारांचा 1918 चा संप आणि महात्मा गांधींच्या प्रेरणेने 1920 मध्ये स्थापन झालेला मजूर महाजन संघ, यांमुळे मालक-कामगारांनी बोलून तोडगा काढण्याची परंपरा अहमदाबादेत रुजली होती. मुंबईत मात्र 1920 च्या दशकात एका विणकराने किती माग सांभाळावेत हा कळीचा प्रश्न झाला होता. 1928 च्या सार्वत्रिक संपामागील कारणांत तोही होता.

जुनी मांडणी : कॅलिकोत 1952 मध्ये स्वयंचलित माग बसले. रिकामी कांडी बदलण्याचे काम आता यंत्र करू लागले, तरी अपेक्षित उत्पादन हाती येईना आणि सदोष कापडाचे प्रमाणही चढे राहिले. खात्यातील 224 मागांवर 12 प्रकारची कामे वाटलेली होती. विणकर तुटलेले धागे सांधायचा, दुसरा कामगार कांड्या भरायचा, तिसरा मोठी तूट दुरुस्त करायचा. मागांची देखभाल करणारे जॉबर, तेल घालणारे, झाडणारे निराळे. प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या मागांची संख्या वेगळी असल्याने कोणत्याही एका मागाभोवती कायमची टोळी जुळत नव्हती. माग थांबला तर जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरत नसे, आणि चांगले कापड निघाले तर ते आपल्यामुळे, असे म्हणायलाही कोणाला वाव नव्हता. कामगार आळशी नव्हते. कामाची आखणीच त्यांना एकमेकांपासून तोडत होती.

नवी मांडणी : राइस यांनी सुचवलेली कल्पना साधी होती : सुमारे 60 ते 64 मागांचा एक संच सात जणांच्या गटाकडे सोपवावा आणि त्या मागांवरील विणकाम व देखभाल दोन्हींची जबाबदारी त्याच गटाने घ्यावी. गटातील कोणी अडला तर दुसऱ्याने हात द्यावा, अशी कामांची सांगड होती. वेतनश्रेणींची संख्याही कमी करून त्या सुटसुटीत केल्या. कल्पना चर्चेला येताच कामगारांनी ती उचलून धरली आणि आपले सोबती आपणच निवडून गट बांधले. न जमणाऱ्याला गट बदलण्याची मोकळीक होती.

निष्पत्ती : काही आठवड्यांत प्रायोगिक गटांची कार्यक्षमता सुमारे 80 वरून 95 टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण 32 वरून 20 टक्क्यांवर आले. राइस यांनी ही हकिगत 1958 च्या आपल्या ग्रंथात सविस्तर नोंदवली.

आक्षेप : अभ्यासक जॉन केली यांनी 1978 मध्ये दाखवून दिले, की गटांबरोबर वेतनही वाढले होते, त्यामुळे सगळे श्रेय गटरचनेला देता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. पोटापुरती व न्याय्य मजुरी नसेल, तर कामाची कोणतीही सुंदर आखणी कामगाराची फसवणूकच ठरते. मात्र केवळ दर वाढवल्याने एकमेकांच्या मदतीला धावणारी टोळी तयार होत नाही, हेही तितकेच खरे.

पुढील वाटचाल : टॅव्हिस्टॉकचे एरिक मिलर यांनी 1970 मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात गटपद्धत बरीचशी टिकून होती, तर इतरत्र ती कमी-अधिक मोडली होती. सामाजिक-तांत्रिक विचाराची ही धारा 1960 च्या दशकात नॉर्वेतील औद्योगिक लोकशाहीच्या प्रयोगांत दिसली. भारतात नीतीश डे यांनी 1970 च्या दशकात हरिद्वारच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्स (भेल) कारखान्यात कामाच्या फेररचनेचे प्रयोग केले.

महत्त्व : कर्मचाऱ्यांचा उत्साह मावळला की बक्षिसे, भाषणे आणि सहली यांचा आधार घेणाऱ्या आजच्या आस्थापनांना कॅलिकोचा अनुभव मार्गदर्शक आहे. तो तीन गोष्टी तपासायला सांगतो : माणसाच्या हाती सबंध काम आहे का, त्या कामाबद्दल ठरवण्याचा अधिकार त्याला आहे का, आणि सोबती निवडण्यात त्याचे मत विचारले जाते का. मिलर यांची पाहणी यात चौथी गोष्ट जोडते : ही व्यवस्था एकदा उभी करून भागत नाही, व्यवस्थापनाने ती सतत सांभाळावी लागते.