डोळा, डोला, डोया

बारा कोसांवर भाषा बदलते, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु ज्या धर्मग्रामांत किनाऱ्यावरचीं, देशावरचीं आणि वऱ्हाडांतून आलेलीं कुटुंबें एकाच वेदीपुढें गुडघे टेकतात, तेथें ती बारा पावलांवरच बदलते. रविवारीं मिस्सा आटोपल्यावर देवमंदिराच्या आवारांत क्षणभर उभें राहावें. देशावरचा मनुष्य ‘डोळा’ म्हणतो, आगरी व कोळी ‘डोला’ म्हणतात आणि वऱ्हाडी ‘डोया’ म्हणतो.

कांहीं वर्षांपूर्वीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका बालकानें ‘डोला’ म्हटलें. मुलें हसलीं, आम्ही वडील मंडळीही गालांतल्या गालांत हसलों. त्यानंतर कित्येक आठवडे तो मुलगा विचारलेल्या प्रश्नास उत्तर देईना. त्या हसण्याची आम्हांस आज लाज वाटते. म्हणून महोत्सवाच्या ह्या अंकांत त्या एका अक्षराचा थोडा इतिहास सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

संस्कृतांतील ‘फल’, ‘काल’, ‘बाल’ ह्या शब्दांतला लकार मराठींत ळकार झाला. हिंदींत ‘फल’ तसेंच राहिलें. उच्चार बदलल्यानें शब्द भ्रष्ट होत असेल, तर आपलें ‘फळ’ही भ्रष्टच म्हणावें लागेल! आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांचा. वसई प्रांत १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या अंमलाखालीं होता. त्यांचा मूळ शब्द ‘नाताल’. त्याला ळकार दिला तो मराठी जिभेनें. तेव्हां ‘नाताल’ म्हणणारा कोळी बंधु मूळ शब्दाच्या अधिक जवळ आहे. पोर्तुगीज ‘क्रुझ’ ह्या शब्दाचें तसेंच झालें. आपण ‘क्रूस’ म्हणतों, गोंवेकर ‘खुरीस’ म्हणतो. परंतु दोघेही हात जोडतात ते एकाच खुणेपुढें.

ही गोष्ट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं फार पूर्वीं ओळखली होती. हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. तें मराठींत आहे, तरी सामान्य जनांस समजावें म्हणून त्यांत कोंकणी शब्दही घातले आहेत. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी मात्र त्यांनीं कोंकणींतच लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ सालीं, प्रसिद्ध झाली. लोकांनीं आधीं आपली बोली बदलावी, मग शिकावें, असा हट्ट त्यांनीं धरला नाहीं.

पुढें ग्रिअर्सन ह्यांनीं हिंदुस्थानांतील भाषांची पाहणी केली. तिचा मराठीविषयींचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. बोलीबोलींचे नमुने घेतांना त्यांनीं उधळ्या पुत्राचा दृष्टांत निवडला होता. कोठें मुलगा, कोठें पोरगा, कोठें झील. पण घरीं परतणाऱ्या लेंकराकडे धांवत जाणारा बाप सर्वत्र तोच.

महायाजकाच्या अंगणांत संत पेत्राची ओळख पटली ती त्याच्या गालीली बोलीवरून. त्याच पेत्राच्या स्वाधीन प्रभूनें आपला कळप केला. आधीं उच्चार सुधारून ये, असें कांहीं सांगितलें नाहीं.

आपल्या घरांतील मुलांस शाळेंत शुद्ध मराठी अवश्य शिकवावी. ती पुस्तकांची व परीक्षेची भाषा आहे. परंतु आजीची बोली घरांत बोलावयास त्यांना लाज वाटूं देऊं नये. ती एकदां बंद पडली, तर कोणत्याही पुस्तकांतून जशीच्या तशी परत मिळणार नाहीं. पळसाला पानें तीनच, असें आपण म्हणतों. वऱ्हाडी मनुष्य ‘पयस’ म्हणतो, आगरी ‘पलस’ म्हणतो. पानें कोणी मोजलीं तरी तीनच भरतात.