डोंगरी ते डकोटा : एका नारिंगी जाकिटाची कुळकथा

आपल्याकडे चकल्यांची भाजणी दळून येते, त्याच सुमारास इथे पाखरांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. साउथ डकोटात फेझंटचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. ऑफिसातला एखादा सहकारी सोमवारी काट्यांनी ओरबाडलेले हात घेऊन येतो आणि आपल्यालाही "येतोस का?" म्हणून विचारतो. आपल्यापैकी बरेच जण शाकाहारी, त्यामुळे विषय तिथेच संपतो. पण मंडळी, त्या शिकाऱ्याच्या कपड्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि त्याचा आपल्याशीही संबंध आहे.

आधी पाखराबद्दल. 'अपलँड' म्हणजे पाणथळ सोडून कोरडी जमीन : माळरान, शेतांचे बांध, झुडपं. इथला लाडका पक्षी फेझंट, पण तो मूळचा इथला नाहीच! शांघायमधले अमेरिकन कॉन्सुल ओवेन डेनी यांनी 1881 मध्ये चीनहून ही पाखरं ओरेगॉनला पाठवली. पहिल्या खेपेतली बहुतेक दगावली, 1882 ची खेप मात्र विलामेट खोऱ्यात रुजली. 1892 मध्ये ओरेगॉनने शिकारीचा पहिला हंगाम जाहीर केला. साउथ डकोटाचा पहिला हंगाम 1919 चा, तोही एकाच काउंटीत, एका दिवसाचा. 1943 मध्ये तर त्या राज्याने फेझंटला आपला राज्यपक्षीच केलं. साठ वर्षांत इमिग्रंटचा मानकरी झाला म्हणायचा!

आता कपडे. ही शिकार एका जागी दबा धरून करायची नसते. कुत्र्यामागून दिवसभर मैलोन्मैल चालायचं, म्हणून पहिला मान पायांचा. मेन राज्यातले लिऑन बीन ओल्या पायांना कंटाळले होते. त्यांनी रबरी तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून बूट केला आणि 1912 मध्ये तो टपालाने विकायला काढला. पहिल्या 100 जोडांपैकी 90 जोडांची शिवण उसवून ते परत आले. बीननी सगळ्यांचे पैसे परत केले, बूट सुधारला, आणि त्यातून एल. एल. बीन ही कंपनी उभी राहिली. सिएटलच्या फिल्सनचं दुकान 1897 चं, क्लॉन्डाइकला सोनं शोधायला निघालेल्यांसाठी काढलेलं. त्यांचं मेण चोपडलेलं जाड कापड काट्यांना आणि पावसाला दाद देत नाही, म्हणून पुढे शिकाऱ्यांनीही ते उचललं.

आणि आपला वाटा? 'डंगरी' हा इंग्रजी शब्द मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून आला. 'खाकी' म्हणजे मातीचा रंग. 1840 च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीने तो गणवेशाला घेतला आणि पुढे तो जगभर शिकाऱ्यांच्याही अंगावर चढला. गंमत म्हणजे आपल्याकडे तितर-लावे धरणाऱ्या फासेपारध्यांना यातलं काहीच लागत नसे. फास आणि पाखराच्या सवयींचं ज्ञान, एवढंच त्यांचं सामान. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीला बंदी आली.

इथे मात्र खाकीनेच घात होऊ लागला. वाळलेल्या गवतात मातकट कपड्यातला माणूस दिसत नाही, आणि उडत्या पाखरामागे बंदूक फिरवणारा सोबतीच गोळी घालतो. उपाय निघाला रंगाच्या डबीतून. बॉब आणि जो स्विट्झर या भावांनी कॅलिफोर्नियात 1930 च्या दशकात चकाकणारे फ्लोरोसंट रंग तयार केले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ते खुणांसाठी वापरले, आणि 1960 नंतर एकेका राज्याने शिकाऱ्यांना नारिंगी रंग सक्तीचा केला. पक्ष्यांना रंग छान दिसतात, पण इथे लपायचं नसतंच, पाखराला उठवायचं असतं. नारिंगी रंग आहे तो दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठी.

तरी नुसत्या जाकिटाने भागत नाही. 11 फेब्रुवारी 2006 ला टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीत उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या बंदुकीतले छर्रे हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यात आणि छातीत घुसले. व्हिटिंग्टन यांच्या अंगावर नारिंगी होतंच! म्हणून जाणते लोक सांगतात : रांग सोडू नका, खाली उडणाऱ्या पाखरावर बार टाकू नका, आणि पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावल्याशिवाय रानात पाऊल टाकू नका.

तेव्हा कुणी बोलावलंच, तर खर्चाचा क्रम असा ठेवा : आधी पायात मुरलेले बूट, मग चष्मा, मग मागे पाखरं ठेवायची पिशवी असलेलं नारिंगी जाकीट, आणि काट्यांत टिकणारी पँट. बाकी हौस नंतर. शिकारीला जायचं नसेल तरीही ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानगळ बघायला मुलांना घेऊन सरकारी जंगलात जाताना प्रत्येकाच्या डोक्यावर नारिंगी टोपी असू द्या. पाच-दहा डॉलरची वस्तू, पण सगळे सुखरूप घरी येऊन फराळाला बसले पाहिजेत ना!