मल्ल की वस्ताद?

* सीमाभागातल्या कुस्तीशौकिनांचा हा जुना वाद. पैलवान चीतपट झाला की बेळगाव-निपाणीकडे बोल लागतो तो वस्तादाला, "जोडच चुकली" म्हणून. आणि तो बहुधा रास्त असतो. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले, पण त्याआधी त्यांना कोल्हापूरची तालीम गाठावी लागली. मग त्याच मातीत घुमलेले बाकीचे हिंदकेसरी का झाले नाहीत? आक्षेप खरा आहे. अंगची ताकद वस्ताद देत नाही. मात्र कोणाशी, कधी लढवायचे हे तो ठरवतो, आणि मानेवर घुटना पडला की कसे निसटायचे, हे रोजच्या मेहनतीतून तोच मुरवतो. कुस्ती जुंपल्यावर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून वस्तादाला जोखावे ते तालमीतल्या तयारीवरून, एका निकालावरून नव्हे. — संपादक